मावशीची सोयरीक आणि मिसेस कॉयलचा चिमटा

सोयरीक जुळवायची पद्धत आमच्या भागात कधीच बंद पडली होती. हे मला पहिल्यांदा सांगितलं बार्नीने, आणि ते सांगायला तो आला तेव्हा त्याच्या मोटारीत मागच्या सीटवर एका उपवर मुलाचा मामा बसलेला होता. जुन्या लोकांचं खूळ होतं ते, आता कोण करतंय, असं म्हणून त्याने मामासाठी एक कप चहा बाहेर नेता येईल का म्हणून विचारलं. पुढे गावात प्रत्येकाने मला हेच सांगितलं. पाद्रीबुवांनी सांगितलं, पोस्टातल्या बाईने सांगितलं, आणि ज्यांचं स्वतःचं लग्न बार्नीने जमवलं होतं त्यांनी तर शपथेवर सांगितलं. पुण्यात नाही का, 'आमच्यात देणंघेणं नाही हो' असं सांगून झाल्यावर 'तुमच्या हौसेनं काय ते करा' असं हळूच म्हणतात, अगदी तसंच. एखादी पद्धत संपली असं जिथे सगळे एकमताने सांगतात तिथे ती धडधाकट चालू असते, एवढं शहाणपण मला त्या वयात आलं आणि अजून उपयोगी पडतंय.

गाव उत्तर आयर्लंडातल्या फर्मॅना परगण्यातलं. बाबा सर्जन. त्यांनी मँचेस्टरला अर्ज केला होता, साउथहॅम्प्टनला केला होता, एडिनबराला तर इंटरव्ह्यूही देऊन आले होते. नोकरी मिळाली ती जिथे माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा तळी जास्त अशा ठिकाणच्या छोट्या हॉस्पिटलात. आई वाईच्या नातेवाइकांना पत्रातून फक्त 'आम्ही यूकेला असतो' एवढंच कळवायची. घर हॉस्पिटलने दिलेलं, बैठं, मागे पत्र्याची शेड. शेडवर दिवसभर पडणारा पाऊस, पलीकडच्या कुरणातलं हंबरणं आणि आमच्या कुकरची शिट्टी, या तीन आवाजांत माझं तारुण्य गेलं. पहिल्यांदा शिट्टी झाली तेव्हा पोस्टमन पिशवीसकट अंगणात आडवा झाला होता. ते तिकडे बॉम्ब आणि बंदुकांचे दिवस होते; मोठा आवाज झाला की माणसं आधी आडवी होत आणि चौकशी मागाहून करत. आईने त्याला उठवून चकली दिली. त्याने ती अजून जपून ठेवली असेल, कारण दाताने ती फुटल्याचं मी काही पाहिलं नाही.

कुकर लावायची कुसुममावशी. आईची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि पहिली दिवाळी यायच्या आत नवरा शेतात साप चावून गेला. सासरचे सापाला काही बोलले नाहीत. मावशीला पांढऱ्या पायाची म्हणाले आणि माहेरी आणून सोडलं. मग आईने तिला आमच्याकडे बोलावून घेतलं. 'तिला बिचारीला आमच्याशिवाय कोण आहे' हे वाक्य आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि ऐकणारा गहिवरून आईकडे बघायचा. बिचारी तेव्हा आत पोळ्या लाटत असायची. पहाटे उठून बाबांचा डबा, माझा डबा, इस्त्री, पुसणं, पुरण, पापड, सगळं मावशी. आई गावच्या बायकांच्या मंडळात भारतीय स्वयंपाकाची प्रात्यक्षिकं द्यायची. मावशी मागे उभी राहून करायची, आई पुढे उभी राहून सांगायची, टाळ्या आईला. भाजी कुठली करायची तेही आईच ठरवणार. एकदा मावशीने आपल्या मनाने कोबीऐवजी बटाटा केला, तर आई दोन दिवस 'हे माझंच घर आहे ना?' असं भिंतीला विचारत होती. मावशीला स्वतःचं घर मिळालं नाही तर ती जन्मभर या ओट्यापाशी उभी राहणार हे मला दिसत होतं, बाबांना दिसत होतं, आईलाही दिसत होतं. फक्त आईला त्यात वाईट असं काही दिसत नव्हतं.

सुरुवात झाली ती खरवसामुळे. पलीकडच्या वळणावर ह्यूई कॉयलचं शेत होतं. पन्नाशीला टेकलेला, ब्रह्मचारी, उंच, लाजाळू, टोपी सतत हातात. डोक्यावर ती मी कधी पाहिली नाही. त्याची गाय व्याली असं कळल्यावर मावशी बरणी घेऊन एकटी चालत गेली आणि तिने पहिल्या दिवसाचा चीक मागितला. आई शरमेने अर्धी झाली. डॉक्टरांच्या घरातली बाई वासराच्या तोंडचं मागायला गेली म्हणून. पण ह्यूईच्या आईलाही चिकाची धिरडी करायची सवय होती, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही, आणि संध्याकाळी ह्यूई किटली भरून चीक घेऊन मागच्या दारी हजर. मावशीने वेलदोडा-जायफळ घालून खरवस लावला. कुकरच्या वाफेत तो वेलदोड्याचा वास घरभर झाला की मला अजूनही वाटतं, जगात काही वाईट नाहीच. ह्यूईने दारात उभं राहून एक वाटी खाल्ली, दुसरी खाल्ली, अंगणातल्या नळाखाली वाटी धुतली आणि उंबऱ्यावर पालथी घालून गेला. त्यानंतर त्याच्याकडच्या गाई फारच भराभर व्यायला लागल्या. चीक नसला तर अंडी, अंडी नसली तर टर्फ. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, गोवरीसारखी जळते. बार्नीला एवढं भांडवल पुरेसं होतं.

बार्नी धंद्याने गाईगुरांचा दलाल. बैल आणि नवरे तो एकाच मोटारीतून दाखवायला नेत असे. त्याचं इंग्रजी मी इथे वाईच्या बाजारातल्या मराठीत देते. पुस्तकी मराठीत घातलं तर तो गुळगुळीत आणि खोटा वाटेल. खोटा तो होताच, पण गुळगुळीत नव्हता. एका रविवारी तो आला, बाबांसमोर बसला आणि हवापाणी झाल्यावर म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या घरात एक बाई हाय, आन् ह्यूईच्या घरात एका बाईची जागा हाय. आता लेंटचा उपास लागला की चाळीस दिस लग्नं बंद. काय करायचं ते त्याच्या आदल्या मंगळवारपातुर करा."

बाबांनी त्याचं ब्लडप्रेशर तपासून देऊ का म्हणून विचारलं. पोटं फाडण्यात हा माणूस परगण्यात एक नंबर होता, पण घरात आणखी थोडी आमटी मागायला त्याची जीभ रेटत नसे.

आई मात्र कडाडली. विधवेचं लग्न? या वयात? ख्रिश्चन घरात? जे गाय खातात? लोक काय म्हणतील? आता हे लोक म्हणजे नेमके कोण हा प्रश्नच होता. सगळ्यात जवळचं मराठी कुटुंब बेलफास्टला, आणि त्यांच्याशी आमचं गणपतीच्या आरतीच्या चालीवरून बोलणं बंद होतं. आईने धर्म काढला, जात काढली, वाईचा मोठा मामा काढला, जो मावशी विधवा झाल्यावर तिला भेटायलासुद्धा आला नव्हता. एकच कारण तिने काढलं नाही, आणि ते कारण त्या वेळी ओट्यापाशी कणीक मळत होतं. मी मावशीला एकटीला गाठून विचारलं, तुला तो आवडतो का? तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "वाटी धुऊन ठेवतो गं तो." एवढंच. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, आपण खाल्लेली वाटी आमच्यापैकी एकानेही धुतली नव्हती.

आता मी मँचेस्टरला असते. आमच्या मजल्यावर पुण्याची एक सॉफ्टवेअरमधली मुलगी राहते, ती ट्रॅममध्ये बसून फोनवर अंगठ्याने मुलं डावी-उजवीकडे ढकलते आणि मला म्हणते, काकू, तुमच्या काळी सगळं किती प्रिमिटिव्ह होतं. तिच्या आईवडिलांनी परवा तिचा बायोडेटा मला व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यात उंची आणि गोत्र होतं, आणि मुलाचं स्वतःचं घर लंडनच्या कितव्या झोनमध्ये हवं तेही. बार्नी निदान मोटारीतून उतरून घरी यायचा आणि शब्द फिरला तर गावात तोंड दाखवायची त्याला चोरी व्हायची. असो.

तर आई लग्नाच्या विरुद्ध होती, पण बघायला लोक येणार म्हटल्यावर तिच्यातली वाईची बाई जागी झाली. नकार द्यायचाच होता, पण तो चांगल्या कपबश्यांतून द्यायला हवा होता. आमच्या कपांचे कान गेलेले. म्हणून आईने शेजारच्या नोराकडून तिच्या सोनेरी काठाच्या कपबश्या मागून आणल्या. नोरा ही ह्यूईची सख्खी मावशी, मिसेस कॉयलची धाकटी बहीण, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. आई गावात सगळ्यांशी बोलायची, पण कुणाचं ऐकायची नाही, त्यामुळे तिला ठाऊक नव्हती.

मिसेस कॉयल आल्या त्या काळ्या कोटात, काळी पर्स मांडीवर धरून. ह्यूई टोपी धरून. मावशीने शिरा केला होता, चिवडा केला होता; आईने ते 'मी केलंय' म्हणून पुढे ठेवलं. मिसेस कॉयलनी कप उचलला, उलटा करून बघितला, बशी बघितली.

"माझ्या नोराकडे अश्शाच आहेत," त्या म्हणाल्या. "तिच्या एका बशीचा टवका गेलाय." आणि टवक्याची बाजू आईकडे करून बशी खाली ठेवली.

आई म्हणाली, आमच्याकडे या लग्नापासूनच्या आहेत. बाबांना त्याच वेळी जोरात ठसका लागला. मग चौकशा सुरू झाल्या, आणि काय सांगू, डोळे मिटले असते तर मी वाईत आहे असंच वाटलं असतं. घराण्यात कुणी वेडं आहे का. छातीचा विकार कुणाला. मुलीचा स्वभाव उलटून बोलणारा आहे का. मुलगी मध्येच बसलेली, वय छत्तीस, तिला कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी मिसेस कॉयलनी मोठा प्रश्न टाकला: पहिला नवरा कशाने गेला? आईला वाटलं, आता आपोआप मोडतंय. बाबांनी सांगितलं, साप चावून. मिसेस कॉयलनी जरा विचार केला.

"आयर्लंडात साप नाहीत," त्या म्हणाल्या, आणि दुसरा कप मागितला. पांढऱ्या पायाचा प्रश्न असा एका वाक्यात निकालात निघाला. वाईत त्याच्यावर सगळं आयुष्य गेलं असतं.

पुढची पायरी म्हणजे शेत बघणं. मुलीकडच्यांनी मुलाचं शेत बांधाबांधाने चालून बघायचं, गुरं बघायची, घर बघायचं, मग चुलीपाशी बसून अटी ठरवायच्या. ही पद्धतही अर्थातच बंद पडलेली होती, आणि बार्नीने तिच्यासाठी आमच्या मापाचे गमबूट आणले होते. अंगण चिखलाने भरलेलं, पण फाटकापासून दारापर्यंत कुणीतरी फळ्या टाकून वाट केलेली होती. त्या फळ्यांवरून मावशी एकटीच चालत गेली, कारण साडी फक्त तिने नेसली होती. आईने प्रसंग ओळखून पँट घातली होती. ह्यूई बाजूला चिखलात उभा राहून ती कुठे घसरते का ते बघत होता. मावशीने फळ्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पदर जरा सावरला. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी तोंड फिरवून उगाच डोंगर बघितला.

बाबा माण तालुक्यातले. जन्म दुष्काळात काढलेला. शेत म्हटल्यावर त्यांच्या तोंडून रक्तातला प्रश्न आला: पाण्याची काय सोय? बार्नी त्या वेळी घोट्यापर्यंत पाण्यात उभा होता. वरून पाऊस, समोर तळं, डावीकडे ओढा, उजवीकडे ज्याला ते कुरण म्हणत ते दुसरं तळं. त्याने बाबांकडे निरखून बघितलं, मुलीकडचा माणूस फार पोचलेला आहे आणि काहीतरी खोड काढतोय असं ठरवलं, आणि अदबीने म्हणाला, "हाय, डॉक्टर. आसंल तेवढं हाय." बाबांनी समाधानाने मान हलवली.

मग गुरं. कुरणात भरपूर गाई. त्यांतली एक पांढऱ्या तोंडाची, एक शिंग मोडलेली. ती मी रोज सकाळी माझ्या खिडकीतून नोराच्या कुरणात बघत असे. नोराच्या बाकीच्या गाईही तिच्याबरोबरच आल्या होत्या आणि सगळ्या जणी नोराच्या घराकडे तोंड करून फाटकापाशी उभ्या होत्या. आईने मोडकं शिंग बघितलं. मिसेस कॉयलनी आईने बघितलं ते बघितलं. आईने तोंड उघडलं, मग तिला बहुधा बशीचा टवका आठवला, आणि गाई छान आहेत म्हणाली. फिट्टंफाट. परक्या दोन बायकांमध्ये मी त्या दिवशी जेवढा समजूतदारपणा पाहिला तेवढा पुढे सख्ख्या विहिणींमध्येही पाहिला नाही.

आणि मग चूल. मिसेस कॉयलचं स्वयंपाकघर बुटकं, काळं, उबदार. कोपऱ्यात ह्यूईने आणलेला गॅसचा शेगडा, त्याच्यावर क्रोशाचं कापड आणि मेरीमातेची मूर्ती. तो पेटवायची हिंमत कुणाची नव्हती. रांधणं सगळं भिंतीतल्या मोठ्या चुलीवर, टर्फच्या विस्तवावर. चुलीला टेकून एक लांब लोखंडी चिमटा, आणि चिमट्याच्या शेजारी मिसेस कॉयलची खुर्ची. बार्नीने रस्त्यातच आम्हाला बजावलं होतं, त्या चिमट्याला हात लावू नका. त्या घरचा विस्तव ज्या बाईचा, चिमटा तिचा. सून घरात आली की सासूने तो तिच्या हातात द्यायचा आणि पश्चिमेच्या खोलीत जाऊन बसायचं. ज्या घरात दिला नाही, तिथे सून मरेपर्यंत पाहुणी. अशी घरं त्याने पाच-सहा सांगितली. मावशी मागच्या सीटवर होती, तिने सगळं ऐकलं.

अटी बार्नी मांडत होता. पश्चिमेची खोली म्हातारीची. एका गाईचा चारा म्हातारीच्या नावाने. रविवारी चर्चला जायला मोटारीत जागा. बाबा प्रत्येक अटीला हो म्हणत होते. बाबांनी मोटारच म्हातारीला दिली असती. लग्न जमतंय असं दिसायला लागलं तशी आई खुर्चीत पुढे सरकली. मोडायला एक जागा तिला शेवटी सापडली होती.

"आणि चूल कुणाची?" तिने विचारलं.

मिसेस कॉयल म्हणाल्या, मला उचलून नेतील तोपर्यंत माझी.

झालं. आईला रान मोकळं मिळालं. ती उभीच राहिली, आणि मंडळात बोलायची त्या ठणठणीत इंग्रजीत तिने भाषण दिलं. माझ्या बहिणीने इथे येऊन काय दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं? ज्या बाईला स्वतःची चूल नाही, काय शिजवायचं ते जिला ठरवता येत नाही, ती त्या घरची कोणीही नव्हे. तिला बहीण म्हणा, सून म्हणा, ती फुकटची मोलकरीणच. हे आम्हाला मंजूर नाही. बाई इतकं सुंदर बोलली की बार्नीने टोपी काढली.

मी मावशीकडे बघायचं टाळलं. बाबा बुटांकडे बघत होते. मावशी सगळा दिवस एक अक्षर बोलली नव्हती. ती मराठीत बोलली, आणि आवाज न चढवता.

"हे तुला कधीपासून माहीत होतं गं, ताई?"

आई उभी होती ती तशीच राहिली. बार्नी मला खुणेने विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली. मी त्याला सांगितलं नाही. मावशी मग मिसेस कॉयलकडे वळली. तिचं इंग्रजी रेडिओवरून आणि अंडी आणायला जाता-येता शिकलेलं, थेट त्या गावचं. आईच्या इंग्रजीपेक्षा ते तिथे जास्त कळे. ती म्हणाली, "खोली तुमची, गाय तुमची, खुर्चीसुद्धा तुमचीच राहू दे. पण चूल माझी असेल तर येईन. नाहीतर एक चूल सोडून दुसऱ्या परक्या चुलीशी येण्यात मला काही मिळत नाही."

ह्यूई भिंतीशी उभा होता. तो म्हणाला, "आई." दिवसभरात तेवढंच.

मिसेस कॉयलनी मावशीला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "बोलते तर ही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मुकीच आहे." मग, "मोटारीत पुढच्या सीटवर मी बसणार."

"बसा," मावशी म्हणाली.

बार्नीने तळहातावर थुंकून बाबांचा हात धरला आणि सौदा पक्का म्हणून जोरात टाळी दिली. बाबा सर्जन, त्यांनी घरी येईपर्यंत तो हात अंगापासून लांब धरला होता. पण चिमट्याचं मिसेस कॉयल हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या. परत येताना मी बार्नीला विचारलं तर तो म्हणाला, ते लिहून घेता येत नाही. लग्नाच्या दिवशी म्हातारीच्या मनाला येईल तसं.

लग्न लेंटच्या आदल्या मंगळवारी झालं. पाद्रीबुवांनी परधर्मातल्या लग्नाची वरून, बिशपकडून, परवानगी आणली, आईने वाईहून मुहूर्त मागवला, आणि मुहूर्त निघाला गुरुवारचा, तर आईने पंचांगच इंग्लंडच्या वेळेला लागू नाही असं जाहीर केलं. पाऊस पडू नये म्हणून मिसेस कॉयलनी बाळ येशूची छोटी मूर्ती आदल्या दिवशी कुंपणाखाली नेऊन ठेवली होती. पाऊस धो-धो पडला. मूर्तीचं तोंड नीट दिशेला केलं नसेल, असं सगळ्यांचं मत पडलं. जेवणं चालू असताना गवताचे टोप आणि गवताचे मुखवटे घातलेले दहा-बारा जण न बोलावता आत शिरले. नवरीशी नाचायचं आणि नाव न सांगता निघून जायचं अशी तिथली रीत, शुभ मानतात. त्या काळी त्या भागात मुखवट्यातली माणसं दारात दिसली की कुणाला नाच आठवत नसे. बाबांनी शांतपणे दोन्ही हात वर केले. एका मुखवट्याने त्यांचा वरचा हात धरून त्यांनाच नाचवलं, आणि आवाजावरून तो पोस्टमन निघाला.

नवरीला घरी नेतात तेव्हा तिच्या आईने बरोबर जायचं नाही, अशीही एक बंद पडलेली पद्धत होती. आई म्हणजे इथे माझी आई. तिने ओलांडायचं माप, तांदूळ, कुंकू, सगळं पिशवीत घालून मावशीच्या हातात दिलं आणि फाटकाशी उभी राहिली. मोटारीत पुढे मिसेस कॉयल बसल्या, मावशी मागे. मोटार वळणावरून दिसेनाशी झाली. पुढे त्या दारात काय झालं, चिमटा कुणाच्या हातात गेला की होता तिथेच राहिला, हे आम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. तिथेही परक्याच्याच चुलीशी उभी राहिली तर मावशीला जायला तिसरं घर नव्हतं.

सकाळी जाग आली ती भांडी आपटण्याच्या आवाजाने. आई पदर खोचून ओट्यापाशी उभी. उपीट करते आज, म्हणाली, जणू रोज करायची. रवा समोर होता, तो मावशी भाजून ठेवून गेली होती. फोडणी झाली, जरा करपली, पाणी उकळलं. मग आईने एक कपाट उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. खालचं उघडलं. डबे पुढे-मागे केले, एकदोन हुंगले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नंदा, आपण मीठ कुठे ठेवतो गं?"

मला माहीत नव्हतं. बाबांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते पेपरामागे गेले होते.

"फोन लाव कुसुमला," आई म्हणाली.

मी लावला. बराच वेळ वाजला, आणि मिसेस कॉयलनी उचलला. मी अदबीने सांगितलं, मी नंदा, जरा मावशीशी बोलायचं होतं, एकच मिनिट.

"आता नाही येता यायचं तिला," त्या म्हणाल्या. "ती तिच्या चुलीपाशी आहे." आणि फोन ठेवला.

मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. आई कपाटाच्या दारावर हात ठेवून उभी होती. काय म्हणाली, तिने विचारलं. मी तिला शब्दाला शब्द सांगितलं. तिने कपाटाचं दार लावलं, पातेल्यात रवा ओतला, गुठळ्या होत होत्या त्या चमच्याने दाबत बसली, आणि तीन बश्यांत उपीट वाढलं. मग ती आमच्याबरोबर टेबलाशी बसली; एरवी आई सगळ्यात आधी बसायची, त्या दिवशी शेवटी बसली. पहिला घास तिनेच घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला. आम्ही तिघांनी बशी पुसून खाल्लं, आणि मीठ नाही असं कोणीच म्हणालं नाही.